हिरवा चौकोन

रिओनी नदीच्या काठाला, चपला शिवणाऱ्याच्या शेजारी
माझं दुकान. पासपोर्ट, व्हिसा, बाप्तिस्मा,
आणि कुताइसीत सगळ्यात जास्त खपतो तो
काळ्या दगडावर कोरायचा चेहरा.

गिऱ्हाईक सहसा मेल्यानंतर येतं,
म्हणजे मुलगे येतात, लग्नाच्या घोळक्यातून
बापाचं तेवढं डोकं कापून द्या म्हणतात.
मझेविनार स्वतः आली.
एकाहत्तर वर्षांची, केस नुकते रंगवलेले,
पिशवीत कोथिंबीर.
"मुलगा पोलंडात ट्रक चालवतो.
तो कुठला फोटो काढून देईल, नेम नाही."

बसवलं. दिवा डावीकडून.
कॅमेऱ्याचे हप्ते अजून फिटायचेत, पण नजर काय त्याची!
अंधारात मांजर हुडकतो,
धावत्या पोराची पापणी धरतो.
बटण अर्धं दाबलं
आणि हिरवा चौकोन टुणकन उडून
तिच्या डाव्या डोळ्यावर बसला.
ती मान वळवते, हा तिथंच,
गुळाला मुंगळा तसा.

टिक.
मोठं करून बघितलं:
बुबुळातल्या रेषा, खिडकी, खिडकीपुढे मी,
सगळं सुईच्या टोकासारखं.
काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना.

"काचेचा आहे," ती म्हणाली.
"गाड्यांचा कारखाना, लेथ, एकोणऐंशी साल.
तुझ्या यंत्राला आवडलेला दिसतो."

यंत्राचं काय चुकलं?
जवळ होता, चमकत होता, लवत नव्हता.
मीही तोच धरला असता.

कपाटातून बापाची लेन्स काढली.
बोंदोची लेन्स, वजनाला वरवंटा,
कडीतलं ग्रीस थंडीत घट्ट झालेलं.
तो म्हणायचा, श्वास सोडून झाला की माणूस
पुढचा घेण्याआधी जरा थबकतो.
तेवढाच आपला.

कडी फिरवली.
नाक आलं, नाक गेलं,
पापणी आली, गेली,
मागचा पडदा आला, त्याचा उसवलेला टाकासुद्धा आला.
परत फिरलो.
चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर.
भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो माणसाला,
फोकस मात्र लागता लागेना.

"माझी घाई नाही," मझेविनार म्हणाली,
"कोथिंबीर तेवढी सुकेल."

उजवा डोळा. कडेला पाणी धरलेला.
आलो त्याच्यावर, असं वाटलं,
आणि दाबलं.

चुकलं. बोटभर मागे गेलं.
डोळा धुकट,
आणि कानशिलापाशी,
रंग न पोचलेल्या तीन पांढऱ्या केसांच्या मुळाशी,
जिथं शीर उडते,
तिथं सगळा उजेड येऊन बसलेला.

पुसून टाकणार, तर तिनं माझं मनगट धरलं.
पडद्याला जवळजवळ नाक लावून
बराच वेळ बघत राहिली, एका डोळ्यानं.
"इथं बोट ठेवायचा बेसो,
ताप बघायला. कपाळावर कधी नाही,"
आणि मग, "वेडाच होता."

पहिला फोटो दगडाला गेला.
कोरणाऱ्याला कडा स्पष्ट लागतात,
दगडात धुकं उतरत नाही.
दुसऱ्याचे पैसे नको म्हटलं तर भांडली.
निम्मे घेतले, आणि कोथिंबिरीची अर्धी जुडी.

संध्याकाळी लेन्स उतरवायची राहून गेली.
सातला एक पोरगा आला, व्हिसाचा फोटो,
सरळ बसला, हसू आवरलं.
मी बटण अर्धं दाबून उभा,
चौकोनाची वाट बघत.

"काका," पोरगा ओठ न हलवता म्हणाला,
"श्वास घेऊ का?"